छाटणी
ऑक्टोबरात द्राक्षबागेची छाटणी झाली, की काड्यांचे डोळे लवकर फुटावेत म्हणून त्यांना लावलेल्या पेस्टचा उग्र वास आमच्या इंदापूरच्या रानात भरून राहतो, आणि मला बारामतीच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. शुगरनं वडिलांच्या पायाचा अंगठा कोळशासारखा काळा पडला होता. डॉक्टर गुडघ्याखालून पाय काढायचा म्हणत होते आणि वडील हटून बसले होते, "काळं झालंय तेवढंच काढा." आमची द्राक्षबाग आहे हे कळल्यावर डॉक्टर खाटेवर टेकले. "तात्या, अ‍ॅम्प्युटेशन हा शब्द लॅटिनमधून आलाय. तिकडं त्याचा मूळ अर्थ वेली, झाडं छाटणं असाच होता. तुम्ही वाळलेलं तेवढंच छाटता का?" वडिलांनी पायावरून गुडघ्यापर्यंत हात फिरवला. "न्हाय. चांगल्या काडीत जाऊन छाटावं लागतं," असं म्हणून त्यांनी सहीसाठी हात पुढं केला. पेन परत देताना मात्र विचारलं, "पण डॉक्टर, आमी छाटतो ते फुटवा यावा म्हणून. ह्याला काय येणार हाय?" डॉक्टरांनी त्यांचं पांघरूण सारखं केलं. पुढच्या छाटणीला वडील नव्हते. बाग त्याही वर्षी वेळेवर फुटली. अजूनही पहिला कोवळा फुटवा दिसला, की मी बांधावरूनच मागं फिरते.