खंजिरीवाल्याचा बोकड

"ठोका चुकला बे!" म्हणत तो पाठीत गुद्दा घालायचा. हलकाफुलका नाही, मणक्यात बसेल असा. मोताळ्यात आमच्या आळीत दर गुरुवारी संध्याकाळी भजन असायचं. तो खंजिरी वाजवायचा, मी शेजारी टाळ धरायचो. तुम्ही म्हणाल, दुसरीकडे बसायचं होतं. बसलो होतो. तिथं येऊन मारून गेला.

त्याचा धंदा माळव्याचा. वावरात वांगी, मेथी पिकवायची आणि आठवडी बाजारात विकायची. वांगं दाबून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातावर फटका ठरलेला. डोणगावच्या भजन स्पर्धेत परीक्षक मोबाइलमध्ये डोकं घालून बसला, तर यानं चालू भजनात खंजिरी भिरकावली. परीक्षकाची भुवई फुटली. आमचं बक्षीस गेलं ते गेलंच. परत येताना जीपमध्ये म्हणतो, "आयकून नाही राह्यला, त मंग कान कायले ठेवले त्यानं?"

एका जिवावर मात्र त्याचा हात कधी उठला नाही. तो म्हणजे त्याचा बोकड. जन्मताच त्याची माय मेली, म्हणून यानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. तो एक पाय ओढत चालायचा. त्या चालीत याला सहा मात्रा ऐकू यायच्या, म्हणून नाव ठेवलं दादरा. भजनाला दादरा दाराशी बसायचा आणि रंगात आलेला हा माणूस मधूनच त्याच्या कपाळाला कपाळ लावायचा.

मी तेव्हा कविता करायचो. एकदा त्याला वाचून दाखवली आणि कागद खाली ठेवला, तेवढ्यात दादऱ्यानं तो खाल्ला. मी चिडलो. तर हा शांतपणे म्हणाला, "समदी नाही खाल्ली. दोन ओळी थुकल्या त्यानं. थ्या कापून टाक."

मग हा खंजिरीवालाच आजारी पडला. ताप मेंदूत गेला, डॉक्टरांनी हात टेकले. त्याचा थोरला भाऊ दवाखान्यातून थेट देवीच्या देवळात गेला आणि नवस बोलला. भाऊ वाचला तर घरचा बोकड कापीन. आणि हा वाचला!

शुद्धीवर आल्यावर त्याला नवस कळला. सलाइनची सुई उपटून त्यानं भावाच्या तोंडावर फेकली. "दुसरा आनतो इकत," म्हणाला. भाऊ रडत म्हणाला, "देवीले इकतचा नाही चालत. घरचाच लागते. नाही देला त तुले घेऊन जाईन थे." त्यांच्या घरात नवस बोलायचा तो घरातल्याच जिवाचा. आणि भावाचं प्रेम खोटं नव्हतं, तेही सांगून ठेवतो.

नवस फेडायच्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात आला. नांदुऱ्याला माझी बहीण राहते, हे त्याला माहीत होतं. दादऱ्याचं दावं माझ्या हातात दिलं. "बहिनीकडे ठेव. मी घरी भावाले गुतवून ठेवतो. तू मेला तरी दावं सोडू नको." त्यानं मला हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा!

बस स्टँडवर पोचलो, तर भाऊ चौघांना घेऊन पुढ्यात उभा. हातात काही नव्हतं. नुसतं म्हणाला, "माह्या भावाचा जीव तुह्या हातात हाय. मारतं काय त्याले?"

तेवढ्यात तो धावत आला. बोंबलत होता, "सोडू नको! सोडू नको बे!" त्यानं भावाच्या तोंडावर खंजिरीची कड हाणली. भावाचे पुढचे दोन दात माझ्या चपलेजवळ पडले. सोबतच्या चौघांनी याला खाली पाडलं, छातीवर बसले, बुक्क्यांनी तोंड ठेचलं. तरी ओरडत होता. दादरा त्याच्याकडे ओढ घेत होता, भाऊ दुसरीकडे ओढत होता. दुपारी देवळामागच्या निंबाखाली दादऱ्याला कापलं. त्याचं ओरडणं स्टँडपर्यंत आलं.

त्यानं पुन्हा खंजिरी धरली नाही.

मी काय केलं? लेखकू ना मी! गोष्ट लिहिली. छापूनही आली, लोकांनी वाहवा केली. त्यात ओढाताणीत दावं तुटतं, असं लिहिलं होतं.

त्यानं ती आपल्या मुलीकडून वाचून घेतली. भर बाजारात वांग्याच्या ढिगावरून ओलांडून आला आणि माझ्या कानाखाली अशी वाजवली की मी मेथीत पडलो. "तुटलं?" तो ओरडला. "खोटं काऊन लिवलं बे? मी पायत होतो ना!" मग त्याचा आवाज बसला. "खरं लिव. माह्या दादऱ्यापायी तरी लिव."

मी नाही लिहिलं. लाज वाटली, दुसरं काय.

दोन वर्षांनी तोच ताप उलटला आणि तो गेला. पहिला खांदा पुढचे दोन दात पडलेल्या भावाचा. तेराव्याला भजन झालं. खंजिरी घ्यायला कुणी तयार होईना. भावानंच ती माझ्या मांडीवर ठेवली. कडेवर एक खाच होती. मी वाजवायला लागलो आणि दुसऱ्याच कडव्यात ठोका चुकला. मी आपोआप पाठ वाकवली आणि तसाच बसून राहिलो. कुणीही मारलं नाही.

घरी आलो आणि पहिली ओळ लिहिली.

दावं तुटलं नाही. मी सोडलं.