मेंदूची ताजी खबर

मी जात्याच चौकस. दिवस राहिले तेव्हा डोहाळे राहिले बाजूला, मी पोटातल्या मेंदूच्याच मागे लागले. रोज जेवताना घरच्यांना ताजी खबर द्यायचे: आधी नुसती चपटी पट्टी असते, तिच्या कडा वर वळून मिटतात, नळी होते आणि नळीचं एक टोक फुगून त्याचा मेंदू होतो. "करंजीच्या कडा मिटतो ना, तसं," मी म्हणायचे. सासूबाई म्हणायच्या, "जेवू दे गं बाई आम्हाला!"

सासऱ्यांना मात्र एकाच गोष्टीत रस. बाळाला ऐकू कधी येतं? सहाव्या महिन्याच्या आसपास, मी सांगितलं. झालं! पाचव्यातच फर्मान निघालं, "पोटासमोर हिंदी बंद." ग्वाल्हेरात आमच्या पिढ्या गेल्या. मुरारच्या बाजारातल्या भाजीवाल्याशी सोडाच, आमची आपसातली भांडणंसुद्धा हिंदीत रंगतात. नातवंडाच्या कानावर आधी मराठी पडावी, एवढीच त्यांची हौस.

"बाबा, अजून त्याला काही ऐकू येत नाही," मी छेडलं.

"मग तोवर आपला सराव होईल."

त्याच महिन्यातल्या सोनोग्राफीत डॉक्टरीणबाई एका जागी थबकल्या. मेंदूतली पाण्याची पोकळी किंचित मोठी वाटतेय, म्हणाल्या. बहुतेक काही नसेल, पण चार आठवड्यांनी परत बघू.

त्यानंतर मी एक ओळ वाचली नाही. मोबाइल हातात घ्यायचे आणि पालथा ठेवायचे. जाणून घ्यायची एवढी भीती मला जन्मात वाटली नव्हती. जेवताना सगळे ताटात बघून जेवत.

एका दुपारी सासरे खुर्ची ओढून समोर बसले. "सूनबाई, मेंदूची काही खबर नाही बऱ्याच दिवसांत."

मला रडूच फुटलं. ते गडबडले, पाणी आणून दिलं. मग पोटाकडे वाकून हळूच म्हणाले, "सुन बेटा, जिस ज़बान में सुनना हो, सुन ले. बस, सुन ले."

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाई हसल्या. पोकळी वाढली नव्हती, उलट कमी झाली होती. काळजीचं काही नव्हतं.

बाहेर बाकावर सासरे बसले होते. "सगळं ठीक आहे, बाबा." ते उठायला गेले आणि तसेच खाली बसले. मी शेजारी टेकले. त्यांना ताजी खबर दिली, "आता मेंदूला घड्या पडायला लागतील."

"का पडतात?" चष्मा काढून डोळे पुसत त्यांनी विचारलं. "सगळं सांग. आता घाई नाही."