काचेवर वाळलेलं रक्त

रोज लोकांचं रक्त, लघवी, थुंकी बघण्यात ज्याचा दिवस जातो, त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास बसत नाही. माझाही नव्हता. खरं तर अजूनही नाही... पण घडलं ते सांगते.

मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, कागलच्या एमआयडीसीत मशीनवर कामाला होता. गेल्या पावसाळ्यात त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, अंगावर काळेनिळे डाग उठले. मीच त्याचं रक्त काढलं. सुई टोचताना म्हणाला, "काय दिसंल ते खरं सांगायचं हां. लपवायचं न्हाय."

लपवण्यासारखं काही उरलंच नाही. रक्ताचा कॅन्सर... तोही झपाट्याने पसरणारा. बघता बघता दादा आयसीयूत गेला.

त्या दुपारी मी लॅबमध्ये होते. दवाखान्यात बाहेर बसून तरी काय करणार? जेवणाच्या सुट्टीत दादाच्या रक्ताची ती पहिली स्लाइड मायक्रोस्कोपवर लावली. का लावली, माहीत नाही. आधी लहान लेन्सखाली मोठा नॉब फिरवून चित्र आणलं, मग तेलाचा थेंब टाकून शंभरची लेन्स. बारीक नॉब हळूहळू फिरवत गेले, पेशींच्या कडा स्पष्ट झाल्या –

आणि त्या पेशी चालल्या होत्या.

हे शक्यच नाही. स्लाइडवरचं रक्त वाळलेलं असतं, रंग देताना काचेवर पक्कं बसलेलं. वाटलं, तेलामुळे काच सरकत असेल. होतं तसं कधीकधी. पण मग सगळंच चित्र सरकतं. इथे रंगाचा एक जांभळा कण जागच्या जागी होता आणि लाल पेशी त्याला वळसा घालून पुढे जात होत्या... ओढ्यातल्या दगडाला पाणी घालतं तसा. क्लिप तपासली. फोकस घालवून पुन्हा आणला. दुसऱ्या पेशंटची स्लाइड लावली – गप्प. परत दादाची लावली – वाहत होती.

लॅबच्या डॉक्टर सरांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काही हलत नाहीये, ताई. तुम्ही घरी जा आज."

मी दवाखान्यात गेले. वहिनी आयसीयूच्या दाराशी बसल्या होत्या. त्यांना म्हटलं, "दादाचं रक्त हलतंय, वहिनी. मी बघून आले."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "मग बरं हुतील न्हवं?"

"होईल," म्हटलं. मलाही तसंच वाटलं होतं हो... मनापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गेला.

तेरावं झाल्यावर वहिनी राधानगरीकडच्या आमच्या गावाहून एसटीने एकट्याच लॅबमध्ये आल्या. "वन्सं, त्या दिशी म्हणालासा, ते मला दावा." नाही म्हणवेना. स्लाइड लावली, फोकस केला. माझ्यापुरतं मी बघितलं आणि काही न बोलता बाजूला झाले. जांभळ्या कणाबद्दल मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते.

वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदाच मायक्रोस्कोपला डोळे लावले. सुरुवातीला काही दिसेना. मग एकदम श्वास रोखला त्यांनी.

"त्या जांभळ्या ठिपक्याला वळसा घालून चाललंय की..."

मीही तेच बघितलं होतं.

त्या कितीतरी वेळ तशाच वाकून बघत राहिल्या. मग डोळे न उचलताच बोलल्या. आवाज अगदी साधा, "चहा झाला का" विचारावं तसा.

"वन्सं, मग आपण जाळलं कुणाला?"

सरांना का दिसलं नाही, आम्हा दोघींनाच का दिसलं, आणि दिसून उपयोग काय झाला... मला यातलं काहीच कळलेलं नाही. कुणाला कळत असेल तर खरंच सांगा.

वहिनी आता रोज संध्याकाळी फोन करतात. जेवणखाण, पोरांची शाळा, कशाबद्दलच बोलत नाहीत. एवढंच म्हणतात, "चाललंय न्हवं अजून?"

मी ती स्लाइड बघणं कधीच सोडलंय. "व्हय," म्हणते.