खुर्चीवर बसलेली पर्स

समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर कुणाची तरी पर्स आरामात बसली होती आणि मी खालून तिच्याकडे टक लावून पाहत होते. पाच मिनिटांपूर्वी तिथे मी बसले होते. शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकू होतं, बाकी सगळ्या बायका सतरंजीवर. काकू म्हणाल्या, "अगं, तू काय म्हातारी झालीस का? खाली ये. कुणी वयस्कर आलं तर खुर्ची असू दे."

"कंबर दुखते हो माझी," मी म्हणाले.

"कुणाची दुखत नाही बाई?" सगळ्या हसल्या. मीही हसले. सहा वर्षं हेच करते आहे. हात मोडला असता तर पांढरं प्लास्टर माझ्या वतीने बोललं असतं. माझ्या दुखण्याला ना टाका, ना सूज. एक्स-रेसुद्धा त्याची बाजू घेत नाही. आणि मी एवढी शहाणी, की कमरेचा पट्टा दिसू नये म्हणून घरी साडी दोनदा नेसले! "किती छान दिसतेस," असं प्रत्येकीने म्हटलं. छान दिसणाऱ्या बाईचं दुखणं कोण खरं मानणार?

वयस्कर कुणी आलंच नाही. वाण घेऊन निघायची वेळ झाली, तेव्हा मला उठता येईना. पर्स तशीच बसलेली. मी त्याच खुर्चीचा हात घट्ट धरला आणि कशीबशी उभी राहिले.

"बघ, बसलीस की नाही खाली?" काकू कौतुकाने म्हणाल्या. "मनावर घेतलं की सगळं जमतं."

या वेळी मात्र मी हसले नाही.