नोरीनला नोरीनसारखं गाता येईना

नोरीन क्लॅपर बेकर्सफील्डची. वडिलांचं टायरचं दुकान होतं. ती एकोणीस वर्षांची असताना तिची आई आठवडाभर बहिणीकडे जाते म्हणून रीनोला गेली आणि तिथून तिने घटस्फोटाचे कागदच पाठवले. नोरीनने त्यावर गाणं केलं, 'दोरीवरचे कपडे'. आई गेल्यावर तिचे वाळत घातलेले कपडे चार दिवस कोणी काढले नाहीत, एवढंच त्यात होतं. चोविसाव्या वर्षी ती लॉस एंजेलिसला आली, कॉफीच्या दुकानांतून गायली आणि तिची एक रेकॉर्ड निघाली. त्या रेकॉर्डवर बास गिटार मी वाजवली आहे. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

रेकॉर्ड खपली नाही, कंपनी बुडाली. मग नोरीन बरबँकला टीव्हीच्या पार्श्वसंगीताच्या कामाला लागली. प्राण्यांच्या डॉक्टरांवरची एक मालिका तिला मिळाली, ती बारा वर्षं चालली. दर आठवड्याला त्यात एक जनावर मरायचं आणि त्याला रडवणारी धून नोरीन द्यायची. घोडा मेला तर चेलो, मांजर मेलं तर पियानो. एकदा कासव मेलं तेव्हा निर्माता म्हणाला, "दुःख असू दे, पण जरा सावकाश. कासव आहे." तिने तसं केलं आणि त्या भागाला प्रेक्षकांची पत्रं आली.

"गाणी लिहितेस का गं अजून?" मी अधूनमधून विचारायचो.

"लिहिते की. चाळीस सेकंदांची. शब्द नसतात एवढंच."

एक्कावन्नाव्या वर्षी तिला पहिला सिनेमा मिळाला. दिग्दर्शक ब्राइस लिंडक्विस्ट, वय एकोणतीस, भर उन्हाळ्यात डोक्यावर लोकरीची टोपी. तो सगळ्यांना 'राजा' नाहीतर 'राणी' म्हणायचा, त्यामुळे त्याला नावं लक्षात ठेवावी लागत नसत. सिनेमात एका मुलाची आई मरते आणि तो मोटरसायकलवरून वाळवंटात निघतो. आमच्या धंद्यात अशा प्रसंगाखाली आधी दुसऱ्याचंच एखादं गाणं तात्पुरतं लावून ठेवतात आणि संगीतकाराला सांगतात, असं कर.

"ऐक, राणी," ब्राइस म्हणाला. "आमच्या संकलकाला जुन्या बाजारात ही रेकॉर्ड मिळाली. कव्हर नाही, मधला कागद भिजलेला. बाई कोण, हक्क कोणाकडे, काही पत्ता नाही. मला अगदी हेच हवंय. पण हे नको."

नोरीनच्या कामांत बास मीच वाजवायचो, म्हणून बैठकीलाही होतो. गाणं सुरू झालं. दुसऱ्या सुराला मी माझी बास ओळखली, 'दोरीवरचे कपडे', आणि तोंड उघडलं. टेबलाखाली नोरीनने माझ्या पायावर पाय दिला.

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "सांगितलं का नाहीस?"

"थांब ना. त्या पोरीच्या जवळपास तरी जाता येतंय का मला, ते बघू."

पहिलं गाणं तिने दहा दिवसांत दिलं. "सुंदर," ब्राइस म्हणाला, "पण जरा हुशार झालंय." दुसरं ऐकून म्हणाला, "हे दुःखी आहे, पण आपण दुःखी आहोत हे त्याला माहीत आहे." तिसरं ऐकल्यावर त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"राणी, रागावू नकोस. त्या बाईचं आयुष्यात काहीतरी गेलंय. तुझं कधी काही गेलंय का?"

"ब्राइस," नोरीन शांतपणे म्हणाली, "ती बाई मी आहे."

संकलक उगाचच पडद्याकडे बघत बसला. ब्राइसने थोडा विचार केला.

"मग तुला तर जमायलाच हवं."

वकिलांनी सांगितलं की जुनं रेकॉर्डिंग वापरता येणार नाही, पण शब्द आणि चाल नोरीनची आहे, नव्याने गाऊन घ्या. नोरीन गायली. सत्तावीस वर्षांत आवाज खाली उतरला होता. ब्राइसने दोनदा ऐकलं आणि हे मूळ बाईसारखं वाटत नाही असं तिलाच सांगितलं. मग टॅमसिन ओडेल नावाची बावीस वर्षांची मुलगी आणली आणि तिला शिकवायचं काम नोरीनला दिलं.

मुलगी गुणी होती. वही घेऊन यायची. "नोरीन, तिसऱ्या ओळीत तुमचा आवाज फुटतो ना, तो कुठून आणायचा?"

"मला त्या दिवशी सर्दी झाली होती."

टॅमसिनने ते वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी ओले केस तसेच ठेवून ती तासभर पंख्यासमोर बसून आली.

सिनेमा लागला. वेदनेतून आलेला आवाज, असं समीक्षकांनी लिहिलं. टॅमसिनला बक्षीस मिळालं. मंचावरून तिने ब्राइसचे आभार मानले, स्वतःच्या आईचे मानले आणि 'आवाजाच्या शिक्षिका नोरीन' यांचेही मानले. आम्ही दोघांनी सिनेमा दुपारच्या खेळाला पाहिला. नव्या गाण्यातही बास माझीच होती, तिच्यावरून मोटरसायकल गेली.

"वाईट वाटलं का गं?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"वाटलं," ती म्हणाली. "घरी जाऊ या. मला जरा लिहायचंय."

त्या हिवाळ्यात तिने नऊ गाणी लिहिली, शब्दांची. मॅग्नोलिया रस्त्यावरच्या गिटारच्या दुकानामागे एक खोली आहे, तिथे दर रविवारी दुपारी ती गाते, मी बास वाजवतो. चौदा खुर्च्या असतात, अकरा-बारा भरतात. एकदा ब्राइस आला, मागे टोपी घालून उभा राहिला आणि संपल्यावर पुढे आला.

"राणी, त्या पुलावरच्या गाण्याचं शेवटचं कडवं काढून टाक. तिथे तू आम्हाला समजावत बसतेस."

"तुला कोणी विचारलं?" नोरीन म्हणाली आणि गिटार पेटीत ठेवली.

आठवडाभर तिचं डोकं फिरलेलं होतं. त्याला शिव्या द्यायला तिने मला तीनदा फोन केला. स्वतःचं एक गाणं लिहिता येत नाही आणि दुसऱ्याची कडवी तोडतो, कासवालासुद्धा याच्यापेक्षा जास्त कळत असेल, वगैरे. मी हो हो म्हणत राहिलो.

पुढच्या रविवारी तिने ते गाणं तीनच कडव्यांचं म्हटलं. मला आधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे मी दोन सूर पुढे वाजवून बसलो आणि थांबलो. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. गाणं पूर्वीपेक्षा चांगलं झालं होतं.

आम्ही सामान आवरलं. कडव्याचा विषय तिनेही काढला नाही, मीही काढला नाही.