लटारूभाऊंची जाळी

नागभीडला आमच्या शेजारी राहणारे लटारूभाऊ हट्टी, पण मनाने मऊ. पलीकडच्या शकुबाईच्या बकऱ्या त्यांच्या बायकोची, म्हणजे मनकर्णावहिनींची, परसातली वांगी खात, म्हणून १९५६ साली भाऊंनी नागपूरहून तारेची जाळी आणली. लोखंडी खांब मिळाले नाहीत, तेव्हा पांगाऱ्याचे ओले दांडके रोवून त्यांना ती ठोकली. श्रावणापर्यंत दांडक्यांना पालवी फुटली. त्या पाल्यासाठी बकऱ्या जाळीवर पाय टेकून उभ्या राहत. जाळी वाके, आणि तिच्यावरून त्या वांग्यांत उतरत. भाऊ रोज पक्कड घेऊन जाळी ताणत आणि बकऱ्यांच्या सात पिढ्या उद्धारत.

“बकऱ्या हाकलाले जाळी आनली, अन् तिले पाल्याचं तोरण बांधलं तुमी!” वहिनी म्हणाल्या.

“मले का ठाऊक? तोडले तवा मेलेच होते ना दांडके!”

दांडके उपटावे तर जाळी पडणार. शेवटी भाऊ रोज सकाळी कोवळे फुटवे खुडून स्वतःच शकुबाईच्या गोठ्यात टाकू लागले. वांगी वाचली. एक दिवस त्यांना उशीर झाला, तर शकुबाई जाळीपाशी हजर.

“काऊन भाऊ, आज आले नाई? बकऱ्या कवाच्या वाट पाहून राह्यल्या!”