खुणेपर्यंत पाणी

नागपुरातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. तरी मी बैठकीत खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी मांडली, तिच्यात कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, वाढवले, आणि सासरच्या सगळ्यांकडून ‘आता लाटा कधी येणार?’ हे ऐकून घेतलं. मी हट्टी आहे. जितकी थट्टा झाली तितकी मी त्या टाकीत गुंतत गेले.

पुढे त्यात सात मोनो मासे आणून सोडले. हे मुळात खाडीचे, नदीचं पाणी समुद्रात मिसळतं तिथले. हळूहळू सवय लावली तर पूर्ण खाऱ्या पाण्यातही मजेत राहतात. चंदेरी, चपटे, शंकरपाळ्यासारखे. एका जागी थांबणं त्यांना ठाऊकच नाही. एक वळला की सगळे वळतात. कोरल कसे शांत, जागच्या जागी डुलणारे, आणि त्यांच्यामधून ही टोळी दिवसभर हुंदडायची.

सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे राहायला आले. रामटेकजवळच्या गावात त्यांनी आयुष्यभर धान केलं होतं. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी किती हवं, कधी सोडायचं, कधी अडवायचं, हे गाव त्यांना विचारायचं. इथे त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. संध्याकाळी कुलरमध्ये पाणी भरायचं, एवढं एकच काम त्यांनी आपलं आपण धरून ठेवलं होतं.

टाकीसमोरून ते गेले की सातही मासे काचेला लागून त्यांच्याबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचे. ही खादाड मंडळी खाण्यासाठी येतात हे त्यांना कळत होतं. तरी म्हणायचे, “आले पहा माहे पोट्टे.” घरात आपल्याला पाहून कुणीतरी धावत येतं, याचा त्यांना केवढा आनंद होता.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ रणरणते दिवस, सुरू झाला आणि तिकडे उमरेडला माझी आई पडली. मला जावंच लागलं. नवरा दिवसभर कामावर, म्हणून टाकी सासऱ्यांवर सोपवली. पाणी गार राहावं म्हणून टाकीवर कुलरचा झोत ठेवला होता. त्याने पाणी भराभर उडतं, पण उडतं ते नुसतं पाणी, मीठ खालीच राहतं. म्हणून वरून भर घालायची ती साध्या पाण्याची; मीठ घोळायचं ते फक्त टाकीतलं पाणी बदलताना. काचेवर खूण केली, कॅन दाखवला आणि म्हटलं, “बाबा, पाणी खुणेखाली गेलं की यातलं टाकजा.” बस आली होती. एवढंच बोलून निघाले.

परत आले तेव्हा मोनो मजेत होते. कोरल पांढरे पडले होते, त्यांची कातडी सुटून पाण्यात तरंगत होती. खारेपणा मोजला तर भलताच वाढलेला. मोजायची नळीच बिघडली असेल म्हणून ती धुऊन पुन्हा मोजत बसले.

सासरे कौतुकाने शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, “खुनेखाली एक डाव पानी जाऊ देल्लं नाही. अन् तू घाईत मीठ विसरली होती वं. समुद्राच्या मास्याले गोडं पानी कसं चालन? तू डब्यातलं मीठ घोळते तसंच घोळून टाकलं दरवेळी. फोनवर बोललो नाही, म्हटलं तुया मनाले लागन.”

माझ्या चेहऱ्यावर तेव्हा काय उमटलं कोण जाणे. मी रागावले नव्हते, खरंच नव्हते. माझी चूक झाकायला तो माणूस रोज बादलीत मीठ ढवळत होता, त्याच्यावर रागावायचं कसं? पण इतकी वर्षं जपलेलं सगळं गेलं होतं आणि ते लपवायला मला श्वास घेण्याएवढाही वेळ मिळाला नाही. त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“वाटोळं केलं काय वं म्या?”

“नाही बाबा, उन्हाने गेले ते.”

उन्हाने काय मरतं आणि काय नाही, हे मी त्यांना सांगत होते.

आता टाकीत नुसते दगड आहेत आणि मोनो आहेत. मोनोंना खारं, निमखारं, सगळं सोसतं. तसं मी सासऱ्यांना सांगूनही पाहिलं. “बाबा, आता कसंही पाणी टाका, काही बिघडत नाही.” ते म्हणाले, “नको बाई, तूच टाक.” त्या उत्तराने मला जेवढं लागलं, तेवढं कोरल गेल्याचं लागलं नव्हतं.

हल्ली मी मुद्दाम पाणी खुणेखाली जाऊ देते. कॅन भरून टाकीजवळ, त्यांच्या हाताशी येईल असा ठेवते. कुलर भरून झाला की ते बैठकीच्या दारापर्यंत येतात आणि तिथूनच हाक मारतात, “सूनबाई, पानी खाली गेलं वं.” मी हातातलं काम टाकून येईपर्यंत ते दारातच उभे असतात, आणि सातही मासे त्यांच्या बाजूच्या काचेला लागलेले असतात.